नाव बाहेर जाणार नाही

"आणि तुम्ही काय खाल्लंत?" इंदुमतीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"मैं भी खाई ना अम्मा, लिख लेव," यादम्मा म्हणाली आणि तिनं चुलीकडे तोंड फिरवलं.

इंदुमती हुमनाबादकरनं लिहिलं नाही. सकाळी तांदूळ तिनंच तराजूत तोलले होते. नवरा, सासू, दोन मुली यांना वाढलेला भात वाटीनं मोजला होता. उरलं होतं ते पातेल्याच्या बुडाला चिकटलेलं. घरोघरी जाऊन माणसं काय खातात याची पाहणी करण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. अफझलगंजच्या या गल्लीतलं हे तिचं नववं घर.

तिनं पेन मिटलं. "सांगा. नाव बाहेर जाणार नाही. बाहेर फक्त आकडे जातात. माझा शब्द."

यादम्मानं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच बोलली. तांदूळ महागल्यापासून ती दिवसातून एकदाच, संध्याकाळी जेवत होती. बाकी वेळ पेज. नवरा अप्पाराव बाजारात पोती वाहायचा. सासूबरोबर ती आधीच जेवते, असं तो समजून होता.

"उसकू मालूम हुआ तो थाली सरका देता, अम्मा. फिर बोरे कैसा उठाता?"

इंदुमतीनं खरं ते लिहिलं.

महिन्याभरानं ती दुसऱ्या फेरीला गेली, तेव्हा यादम्मा उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"तुम बोले थे ना, नाम बाहर नहीं जाता?"

ताकदीची पावडर विकणाऱ्या एका नव्या कंपनीची माणसं आदल्या रविवारी गाडी घेऊन आली होती. हातात फॉर्म, गळ्यात कॅमेरा. अप्पाराव घरी होता, शेजारीपाजारी गोळा झाले होते. सगळ्यांसमोर त्यांनी वाचून दाखवलं, की या घरची बाई एकवेळ जेवते. फोटो द्या, डबा फुकट घ्या.

यादम्मानं दार लावून घेतलं.

इंदुमती तशीच नारायणगुड्याच्या ऑफिसात आली. मुकुंदराव चहा पीत होते. नवरा गेल्यावर तिला या कामाला लावणारे, तराजू धरायला शिकवणारे मुकुंदराव.

"फॉर्म कंपनीला तुम्ही दिलेत?"

"पहिले वीस दिले. बसा, इंदुताई." त्यांनी कप खाली ठेवला. "दिल्लीचा पैसा आटलाय. बाजार खुला झाला, आता कंपन्याच पाहण्या करून घेतात. त्या काय नुसते आकडे घेऊन गप्प बसणारेत?"

"नाव बाहेर जाणार नाही, हे वाक्य मला तुम्ही पाठ करून घेतलं होतंत. याच खोलीत."

"घेतलं असेल," मुकुंदराव म्हणाले. "अहो, त्यात वाईट काय झालं? त्या बाईला डबाच मिळाला ना?"

 रागापेक्षा इंदुमतीला लाज वाटली. अठरा वर्षं ज्यांच्या जिवावर ती परक्यांच्या स्वयंपाकघरात शिरत होती, ते तिच्याकडे बघतही नव्हते.

तिनं कपाटातून उरलेले एकतीस फॉर्म काढले. टेबलावरची कात्री घेतली आणि एकेका कागदाची नाव-पत्त्याची वरची पट्टी कापायला लागली.

"अहो, काय करताय? ऑफिसचे कागद आहेत ते!"

"आकडे ऑफिसचे. ते सगळे ठेवलेत."

पट्ट्या पिशवीत घालून ती बाहेर पडली. नोकरी राहते की जाते, हे तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा गल्लीत गेली. दार उघडं होतं. अप्पाराव जेवायला बसला होता, पण हात ताटाला लागलेला नव्हता. यादम्मा भिंतीशी उभी होती.

"माझी चूक झाली," इंदुमती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "मी माफी मागायला आले."

अप्पारावनं मान वर केली. चिडलेला नव्हता तो. डोळे तेवढे सुजलेले होते.

"बारा साल से एक घर में हैं, अम्मा," तो म्हणाला. "तुमकू बोली. मेरेकू नहीं बोली."



त्यानं मांडणीवरचं दुसरं ताट ओढलं. आपल्यातला अर्धा भात त्यात काढला, वरण ओतलं आणि ते ताट समोर ठेवलं. यादम्मा थोड्या वेळानं येऊन बसली. दोघंही जेवेनात. भातावरची वाफ हळूहळू विरत गेली.

इंदुमतीनं पायऱ्या उतरून आवाज न करता चपला घातल्या.