लाल ब्लॉकवरचं मीठ

सकाळी सव्वासहाला, कोपरच्या आपल्या घरासमोर, काळुरामनी अंगणातल्या लाल पेव्हर ब्लॉकवरची पांढरी भुकटी बोटाने टिपली आणि जिभेवर ठेवली. उभी हयात खाडीकाठच्या मिठागरात गेलेली. जमिनीवर पांढरं दिसलं की चाखून बघायचं, ही सवय मिठागर बुजलं तरी सुटली नव्हती. पुढच्या क्षणी ते नळाकडे धावले.

त्यांची सून कल्पिता तोंडात ब्रश धरूनच बाहेर आली.

"ह्या मीठ नाय गो बाय," ते चूळ भरत म्हणाले. "मीठ असा चावत नाय."

"आधीच जीभ तिखट, आता भाजून पन घेतली," म्हणत आवडाबाई नवऱ्यासाठी दुधाची वाटी घेऊन आली.

कल्पिता खाली वाकली. ब्लॉक तिच्याच कारखान्यातले होते. ॲल्युमिनियमसाठी बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवतात आणि मागे लाल गाळ उरतो. तो टाकायचा कुठे, याचं उत्तर मोठ्या कारखान्यांनाही सापडलेलं नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मृणालमॅडम त्यात राख आणि सिमेंट मिसळून ब्लॉक पाडत. कल्पिता त्यांची लॅब सांभाळायची. गाळातला सोडा मेला, आता तो बाहेर येणार नाही, असं तिनेच सांगितलं होतं. चाचणीचे ब्लॉक तिने कौतुकाने स्वतःच्या अंगणात बसवून घेतले होते. पावसाळाभर त्यांच्यावर काहीच दिसलं नाही. आता थंडीत आतली ओल वर येऊन सुकली होती आणि मागे ही भुकटी उरली होती.

तिने पर्समधली तपासणीची पट्टी ओली करून भुकटीवर टेकवली. पट्टी गडद निळी झाली. सोडा जिवंतच होता.

वर्तकनगरच्या बालवाडीच्या अंगणासाठी याच ब्लॉकचा पहिला ट्रक रात्रीच भरून ठेवला होता. तिने फोन लावला.

"अगं, पांढरं तर साध्या सिमेंटच्या ब्लॉकवर पण येतं," मृणालमॅडम म्हणाल्या. "एकदा धुतलं की जातं."

"मॅडम, हा सोडा आहे. सासऱ्यांनी चाटला. जीभ भाजलीय."

"चाटला? ब्लॉक कोण चाटतं?"

"मिठागरवाले चाटतात. आणि बालवाडीतली पोरं."



"आपली पहिली ऑर्डर आहे, कल्पिता. ही गेली तर शेड बंद. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर तुम्हालाच फोन केला."

"ये तू. बघू."

ती शेडवर पोचली तेव्हा मृणालमॅडम केबिनचं दार लावून आत फोनवर बोलत होत्या. कल्पिताने ट्रकमधल्याच मालातले ब्लॉक फोडले, सोडा उतरतो का ते बघायला तुकडे पाण्यात घातले आणि वाट बघत बसली. दुपारी आवडाबाईचा फोन आला. काळुरामनी बिनमिठाची पेज मागितली होती.

"आनि इचारतान, तुजी नोकरी हाय ना?"

"आहे," कल्पिता म्हणाली.

खिडकीतून ट्रक दिसत होता. ताडपत्री तशीच आवळलेली होती, ड्रायव्हर चाकाच्या सावलीत झोपला होता. मृणालमॅडमच्या केबिनचं दार अजून उघडलं नव्हतं.