उरलेला ओरखडा

मी एका गडद निळ्या गाडीचा, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा बोलतोय. पण माझ्या आठवणींवर फार विसंबू नका. पत्र्याला जे आठवतं ते कितपत खरं, याची मलाच शंका असते. माझ्यावरून इतके हात फिरलेत, की कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा, हे सांगताना मी गोंधळतो.

कारखान्यातलं अंधुकच आठवतं. आधी अस्तर, त्यावर निळा रंग, त्यावर पारदर्शक थर. मग भट्टीत भाजलं. तेव्हा दुखलं असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं काही जाणवलं होतं की नाही, सांगता येत नाही.

गाडी घेतली ती एका निवृत्त काकांनी. "दरवाजा आपटू नका हं," हे त्यांचं वाक्य येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना पाठ झालं होतं. काकूंना गाडी चालवता येत नव्हती. त्या शेजारी बसून रस्त्याला नावं ठेवायच्या.

पुढे काकांची नजर अधू झाली. आधी मागचा दिवा फुटला, मग बंपर चेपला. त्यांची लेक परगावी राहायची. ती म्हणाली, "बाबा, आता एक जरी नवा ओरखडा दिसला, तर किल्ली मी घेऊन जाणार. वाद नको."

"घे की," काका हसून म्हणाले. पण त्या दिवसापासून गाडी बाहेर काढताना ते श्वास रोखून धरायचे.

लेक येणार, त्याच्या आदल्याच दिवशी मी फाटकाच्या खांबाला घासलो. हँडलच्या खालून थेट टोकापर्यंत.

"खांब मध्ये आला," काका म्हणाले.

"तीस वर्षं तिथेच उभा आहे बिचारा," काकू म्हणाल्या. "आजच फिरायला निघाला असेल."

गॅरेजमधल्या पेंटरने ओरखड्यावरून नख फिरवलं. "अडकतंय काका. खोल आहे."

"सगळा काढा. उद्या मुलगी येतेय."

"मुलगी येतेय, की धाड पडतेय?"

काका हसले नाहीत.

पेंटरने माझ्या कडांना चिकटपट्टी लावली, वॉटर पेपर बादलीत भिजवून रबराच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि घासायला घेतलं. पाण्याबरोबर पांढरट गाळ खाली ओघळत होता. तो माझा वरचा थर होता. जागा धुरकट झाली. मग आणखी बारीक पेपर, पुन्हा पाणी. मला काही वाटलं नाही.

ओला रंग फसवतो. ओरखड्यात पाणी भरलं, की तो नाहीसा झाल्यासारखा दिसतो.

"गेला!" काका म्हणाले.

"थांबा, वाळू द्या." पेंटरने फडक्याने पुसून घेतलं. हळूहळू रेघ परत उमटली. बारीक, पांढरी, वीतभर लांब. "आता बघा."

काका इतके वाकले, की त्यांचा चष्मा मला टेकला. "गेला की! साफ गेला. काय हो, गेला ना?"

सोबत आलेल्या काकू त्या रेघेकडे बघत होत्या. मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "छान झालंय. तुम्ही जरा सावलीत बसा."

काका गेल्यावर त्या पेंटरला लांब नळापाशी घेऊन गेल्या. काय बोलल्या, मला माहीत नाही. पेंटर परत आला, त्याने पेपर उचललाच नाही. सरळ पॉलिश लावून मशीन फिरवलं. मी चकाकलो. रेघ राहिली.

दुसऱ्या दिवशी लेकीने गाडीभोवती एक फेरी मारली. "आई, हे काय?"

"पेंटर म्हणाला, याहून जास्त निघत नाही. आणखी घासलं तर रंगच जाईल."

"बाबा, ओरखडा आहे हा."

"कुठे?" काकांनी तळहात फिरवला, अगदी रेघेवरूनच. "काही नाहीये इथे."

लेकीने किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली रिंगमधून निघेना, म्हणून काकांना जरा वेळ लागला. काकू चहा टाकायला आत गेल्या.

त्यानंतर काका रोज सकाळी उभ्या गाडीत येऊन बसायचे. मला हळूच ओढून घ्यायचे. थोड्या वेळाने उघडून घरात जायचे. एके दिवशी आले नाहीत. मग गाडी विकली गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल.

आता मी एका नर्सकडे आहे. ती मला दाणकन आपटते. माझी तक्रार नाही. दमलेलं माणूस दरवाजा हळू लावत नाही, एवढं तुम्हीही समजून घ्या.

बऱ्याच वर्षांनी ती मला दुसऱ्या गॅरेजमध्ये घेऊन गेली. तिथल्या माणसाने रंगाची जाडी मोजायचं यंत्र माझ्यावर टेकवलं. "मूळचाच रंग आहे, आणि चांगला जाड आहे," तो म्हणाला. "मग हे अर्धवट कुणी सोडलं?"

त्याने पाणी मारून घासलं, पुसलं, वाळू दिलं. रेघ नव्हती. म्हणजे त्या दिवशीही ती निघाली असती. काकूंनी ती ठेवून घेतली होती.