खाट नंबर चौदा

"मोफत आरोग्य तपासणी!" असं ओरडत टेंपो कोळीवाड्यात शिरला तेव्हा मनुबाईला वाटलं, चला, देव पावला. तिच्या नवऱ्याला, दामाजीला, महिनाभर धाप लागत होती. जरा आडवा झाला की जीव घाबराघुबरा. टेंपोत चढलेल्या वीस-पंचवीस जणांत खरा आजारी तो एकटाच. बाकीचे आपले, फुकट आहे तर दाखवून येऊ म्हणून निघालेले.

कल्याणच्या बाहेर माळावर नवं हॉस्पिटल झालं होतं. दारात मालकाचा माणूस रघु उभा, पांढरी सफारी, हातात यादी. त्याने एकेकाला निरखून घेतलं. "मावशी, तुम्ही आत चला," तो मनुबाईला म्हणाला आणि दामाजीला दंडाला धरून बाजूला काढलं. "काका, तुम्ही मागे पडवीत बसा. तुम्हाला नंतर बघू."

"अरे, त्यालाच तर दाखवायला आणलाय!"

"सांगतोय ना मावशी, नंतर!"

आत मनुबाईला हिरवा गाऊन चढवला, चौदा नंबरच्या खाटेवर, कोऱ्या चादरीवर झोपवलं आणि सलाइनची नळी मनगटाला चिकटपट्टीने चिकटवली. नुसती चिकटवली हो, सुई नाहीच! शेजारच्या खाटेवर शालू, जन्मात कधी डोकं न दुखलेली बाई, तिच्या पायाला हे एवढं प्लास्टर. शालूला हसू आवरेना. मनुबाईला वाटलं, यांची काहीतरी पद्धत असेल. पण दुपार झाली तरी कोणी नाडीसुद्धा धरली नाही, तेव्हा तिने हेमा सिस्टरचा हात पकडला.

"बाय, माझ्या दादल्याला कवा बघणार?"

हेमाने इकडेतिकडे पाहिलं. "मावशी, मालकांना डॉक्टरकीचं कॉलेज काढायचंय. आज दिल्लीची कमिटी येतेय. खाटा भरलेल्या दिसल्या तरच परवानगी मिळते, म्हणून तुम्हाला आणलंय."

"मग त्याला ठेवा ना खाटेवर! तो खरा आजारी हाय."

"खरा आजारीच नकोय त्यांना. काही झालं तर बघणार कोण? डॉक्टर आजच्यापुरते आणलेत. ऑक्सिजनच्या सिलिंडरला कालच रंग दिलाय, आत काही नाही. त्यांना कळव्याला न्या, म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात. आत्ताच्या आत्ता न्या."

मनुबाईने नळी ओरबाडून काढली. तेवढ्यात कमिटी आत आली. तिघे साहेब, मागे रघु काजूची बशी घेऊन. मनुबाई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, मना काय झालं नाय! इथं कोणच आजारी नाय! आजारी माझा दादला हाय, त्याला यांनी मागं बसवलाय!"

"बुखार में बड़बड़ा रही है, सर," रघु म्हणाला.

थोरल्या साहेबाने मनुबाईकडे नीट पाहिलं. त्याला काही कळलं नाही, असं कोणी मला सांगू नये. मराठी येत नसेल, पण डोळे तर होते ना! चौदा नंबरच्या खाटेखाली लोंबणारी नळी त्याने पाहिली, त्या नळीला सुई नव्हती हेही पाहिलं. मग तोंडातला काजू चावत कागदावर खूण केली आणि पुढे गेला. शी! असल्यांना साहेब म्हणायचं.

पडवीत दामाजी भिंतीला टेकून बसला होता, ओठ निळे पडलेले. दारात हार घातलेली नवी कोरी अँब्युलन्स उभी होती. तिचा ड्रायव्हर म्हणाला, "ही आज हलवायची नाही, दाखवायला ठेवलीय." मनुबाई गाऊनवरच रस्त्यावर धावली, रिक्षा अडवली आणि दामाजीला कळव्याला घेऊन गेली.

तिथल्या तरुण डॉक्टरने दामाजीला तपासलं आणि तो चिडलाच. "अहो, सकाळपासून होतात कुठे?"

"हॉस्पिटलात," मनुबाई म्हणाली.

दिवेलागणीला दामाजी गेला. कॉलेजला परवानगी मिळाली.

वर्षभराने पुन्हा टेंपो आला. मनुबाई ओट्यावर बोंबील साफ करत होती. रघु खाली उतरला, तीच सफारी, तेच हसू.

"मावशी, चला! यंदा पुन्हा कमिटी येतेय, आणि तुम्हाला तर सगळं माहितीच आहे. फक्त काकांना नका आणू या वेळी."

मनुबाईने बोंबील धुतलेल्या पाण्याची बालदी उचलली आणि गाळासकट सगळी त्याच्या तोंडावर रिकामी केली.