बत्तीसाव्या पानावरची रेघ

त्या खोट्यात छोट्याचा फायदा एवढाच होता, की बाई वाचनालयाच्या काउंटरपाशी आणखी मिनिटभर थांबणार होत्या. तोटा काय होईल, हे त्याने पाहिलं नाही. तोटा कधी दार वाजवून येत नाही, चपला बाहेर काढून हळूच येतो.

“व्हॅम्पायरच्या कादंबऱ्यांत वाचण्यासारख्या कुठल्या हो?” बाईंनी विचारलं होतं. “नुसता रक्ताचा सडा नको मला. तुम्ही वाचल्या असतीलच.”

“सगळ्या!” छोट्या म्हणाला.

एकीचंही पान त्याने उलटलं नव्हतं. वाचनालयातल्या भयकथा त्यानेच सगळ्यांत खालच्या फळीवर, कणे भिंतीकडे करून लावल्या होत्या. वय पंचेचाळीस, पण थोरल्या बहिणीच्या घरात राहायचा, म्हणून नाव अजून छोट्या. झोपताना उशाशी दिवा लागायचा, आणि तो दिवा ताईच्या डोळ्यांवर यायचा.

“मग सांगा की एखादी.”

त्याने खाली वाकून हाताला येईल ते पुस्तक उचललं. ‘कोरड्या ओठांचा सरदार’. मुखपृष्ठावरच्या सरदाराला ओठांबाहेर लोंबणारे दोन सुळे होते. बाईंनी ते पाहिले आणि त्या खुदकन हसल्या.

“अहो, एवढे सुळे असले तर याचं तोंड मिटणार कसं? बोलताना जीभ चावली जाईल मेल्याची. माझ्याकडे पाठवा, घासून देते.”

बाई कवळ्या बनवायच्या. दाताच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, आणि चौकापलीकडच्या कारखान्यात बसून बाई गावाच्या तोंडात दात घालायच्या. लग्न झालं नव्हतं. वडिलांचं करता करता राहून गेलं, आणि वडील गेल्यावर कुणी विचारलं नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईला लोक कवळीचं माप विचारतात, मनातलं नाही.

आठवड्याने पुस्तक परत आलं. “टाकाऊ!” बाई म्हणाल्या. “पुस्तकवाले, तुम्ही खरंच वाचलंय हे?”

त्या दिवसापासून छोट्या रोज एक व्हॅम्पायर घरी न्यायला लागला.

तो गच्चीत भर उन्हात बसून वाचायचा, भिंतीला पाठ टेकून.

“घामाच्या धारा लागल्यात, आत ये की,” ताई म्हणायची.

“आत अंधार आहे.”

“दुपारी बाराला? वेड लागलंय का तुला? आणि झेपत नाही तर वाचतोस कशाला? डॉक्टरने लिहून दिलंय?”

“वाचनालयाचं काम आहे.”

“तिथल्या झुरळांना पाठ दाखवून पळतोस, तेही कामच की! सांग ना सरळ, कोण आहे ती?”

छोट्याने पुस्तकात तोंड खुपसलं. आत एक प्रेत उठून बसत होतं. ताईच्या प्रश्नापेक्षा ते परवडलं.

वाचनालयाच्या मुरलेल्या सभासदांची एक खोड असते. पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवायची, म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी येत नाही. कुणी कोपरा दुमडतं, कुणी एखाद्या अक्षराला गोल करतं. बाईंची खूण बत्तीसाव्या पानावर असायची. तोंडात दात बत्तीस, म्हणून पान बत्तीस. आणि आकड्याशेजारी पेन्सिलीने काढलेली मुगाएवढी दाढ.

छोट्यानेही तेच पान धरलं. पुस्तक संपलं आणि ते चांगलं निघालं, की लगेच बत्तीसाव्या पानावर आकड्याखाली एक लहानशी रेघ. टाकाऊला काही नाही. मग ते पुस्तक बाईंकडे जायचं आणि परत यायचं तेव्हा रेघेशेजारी दाढ उगवलेली असायची. बाई गेल्यावर तो पान उघडून बघायचा. एका दोरीवर दोन माणसांचे कपडे वाळत असावेत, तसं त्याला ते दिसायचं.

वर्षं गेली. खालच्या फळीवरची पुस्तकं छोट्याने आपल्या हाताने डोळ्यांसमोरच्या फळीवर आणली, कणे बाहेर करून. दोघांचं बोलणंही वाढलं.

“चांगल्या कादंबरीत तो चावतो कमी आणि थांबतो जास्त,” छोट्या एकदा म्हणाला.

“हो ना! शंभर वर्षं उपाशी असला तरी दारात उभा. बोलावल्याशिवाय पाऊल आत टाकणार नाही.” बाई पुस्तक पिशवीत टाकता टाकता थांबल्या. “एवढी रीत जिवंत माणसांतही दिसत नाही हल्ली.”

छोट्याने ते वाक्य घरी नेलं आणि पुष्कळ दिवस पुरवून वापरलं.

मग बाईंचा पाय जिन्यात मुरगळला. वाचनालयात फोन आला. “घरात बसून कंटाळलेय. कुणाबरोबर एखादं पुस्तक पाठवाल का?”

कुणाबरोबर म्हणजे कुणाबरोबर, हे ठरवायला छोट्याला वेळ लागला नाही. त्याने जपून ठेवलेली कादंबरी काढली. ती वाचल्यावर सबंध आठवडा त्याने ताईलाच जिन्यातला दिवा लावायला लावला होता. इस्त्रीचा सदरा घातला. ताईने कॉलर नीट करून दिली.

बाईंचं दार उघडंच होतं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. खिडकीत प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. सगळे आ वासून छोट्याकडे बघत होते.

“तुम्ही स्वतः आलात?” बाईंचा चेहरा उजळला. “या ना, आत या.”

छोट्या उंबऱ्यावर उभा राहिला. “बूट चिखलाचे आहेत.”

“फरशी पुसता येते.”

“सायकल खाली तशीच आहे, कुलूप न लावता.”

“अहो, व्हॅम्पायरसुद्धा बोलावल्यावर आत येतो!”

छोट्या हसला, पण पाय उचलेना. थांबायचं कसं, हे त्या पुस्तकांनी त्याला चांगलं शिकवलं होतं. आत जायचं कसं, तेवढा भाग सगळे लेखक एका वाक्यात उरकून टाकत.

बाईंनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. बूट कोरडे होते. मग त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “भावाचा फोन येतो सारखा. त्याच्या शहरात ये म्हणतो, तिथे काम बघून ठेवलंय. विचारतो, तुझं तिथे आहे तरी कोण? काय सांगू त्याला?”

एवढा सरळ प्रश्न छोट्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तर घशापर्यंत आलं, आणि तिथून फाटा फुटला.

“तिकडे घराजवळ वाचनालय आहे का?”

बाईंनी स्टुलावरचा पाय सरळ केला. “असेल,” त्या म्हणाल्या.

“मग ठीक आहे.”

त्याने वाकून पुस्तक उंबऱ्याच्या आत, फरशीवर ठेवलं. जिना उतरताना आपण काय बोललो ते त्याला कळत गेलं, पायरी पायरीने. खाली पोचेपर्यंत सगळं कळलं होतं. सायकलला कुलूप होतं.

पाय बरा झाल्यावर बाई शेवटचं पुस्तक द्यायला आल्या. अनामत रक्कम परत घेतली, सही केली आणि जाता जाता थांबल्या.

“एक सांगू, पुस्तकवाले? तुम्हाला भुतांची भीती वाटते.”

“छे!”

“वाटते. त्या रेघेवरून कळतं. पुस्तक बरं असलं की रेघ जरा हलायची. फार चांगलं असलं की पार गांडुळासारखी. तुम्ही तोंडाने काय सांगायचात, त्याकडे मी लक्षच दिलं नाही कधी. पान बत्तीस उघडायचं, हात किती कापलाय बघायचं आणि पुस्तक घ्यायचं.” त्या हसल्या, पण तेवढ्यापुरत्याच. “माझ्यासाठी एवढं कुणी घाबरलं नव्हतं हो.”

छोट्या काउंटरच्या अलीकडे उभा होता. काउंटरला उंबरा नसतो, पण बाहेर यायला मधली फळी उचलावी लागते. त्याने फळीवर हात ठेवला. बाईंनी तो हात पाहिला, बराच वेळ पाहिला. मग पिशवी खांद्यावर घेतली.

पुढच्या खेपेला नव्या पुस्तकांत एक व्हॅम्पायर आला. छोट्याने तो दिवेलागणीनंतर, आतल्या खोलीत बसून वाचला. पुस्तक फार चांगलं होतं. त्यातला तो शेवटपर्यंत दारात उभा राहतो, आणि आतलं घर रिकामं झालेलं असतं. छोट्याने पेन्सिल घेऊन बत्तीसावं पान उघडलं आणि रेघ मारली.

रेघ सरळ आली. पट्टी लावल्यासारखी.

तो तिच्याकडे आणि तिच्या शेजारच्या मुगाएवढ्या कोऱ्या जागेकडे बघत बसला. मग उशाशी हात नेऊन दिवा घालवला.

“अरे!” पलीकडून ताई म्हणाली. “आज दिवा नको?”

“नको.”

“भीती गेली वाटतं.”

“गेली.”

“बरं झालं बाई,” म्हणून ताईने कूस बदलली. सगळ्यांचं बरंच झालं होतं. वाचनालयाला भयकथांची नीट लावलेली फळी मिळाली, बाईंच्या भावाला बहीण मिळाली, परक्या गावाच्या तोंडात चांगले दात बसले, आणि इतक्या वर्षांनी ताईच्या डोळ्यांना अंधार मिळाला. ती लगेच घोरू लागली. बदल्यात जे काही द्यावं लागलं, ते द्यायला एकटा छोट्या पुरला. तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला, आणि खोलीचं दार त्याने लोटलं नव्हतं.