दोन टाक्यांमधला दिवा

ट्रकवाल्याशी संसार मांडलेल्या बाईने घड्याळाकडे बघू नये, असं तिच्या सासूबाई म्हणत. बघून होणार काय? नवरा येतो तेव्हा येतो. सासूबाईंचा नवराही ट्रकवालाच होता, त्यामुळे या विषयात त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. सुनेने ऐकलं. घड्याळाकडे बघणं तिने खरोखरच सोडलं. ती बघायची ती मागच्या गॅलरीतून, पलीकडच्या बैठ्या इमारतीच्या गच्चीवर असलेल्या दोन पाण्याच्या टाक्यांकडे.

टाक्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. एक शेवाळलेली, दुसरीचं झाकण दगडाने दाबून बसवलेलं. पण त्या दोघींच्या मधून हमरस्त्याचा एक तुकडा दिसायचा, गणवेशाच्या पट्ट्याएवढा. नवऱ्याचा ट्रक कारखान्यातून फरशा भरून बंदराकडे निघाला की संध्याकाळच्या सुमाराला त्या तुकड्यातून जायचा. थांबायची सोय नव्हती. रस्ता अरुंद, येणारे-जाणारे एकाच पट्टीवर, कडेला धड उभं राहायला जागा नाही, आणि भरलेला ट्रक म्हणजे काही भिंतीला टेकवून ठेवायची सायकल नव्हे. म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांनी एक तोड काढली. टाक्या आल्या की तो रस्त्याच्या मधल्या बाजूचा, म्हणजे तिच्याकडचा, वळायचा दिवा मिचकावायचा. वळायचं कुठेच नसायचं. त्याचा अर्थ एवढाच, की मी ठीक आहे, तू जेवून घे.

घरात याला ‘दिवा देणं’ म्हणत.

“दिला का दिवा?” सासूबाई आतून विचारायच्या.

“दिला.”

“मग टाक भात.”

एवढ्यावर तिचे आठवडे निघायचे. नवरा घरी यायचा तो दमून, दोन दिवस निम्मा झोपेत, आणि तिसऱ्या दिवशी बूट घालायला लागायचा. त्याची पाठ तिला त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होती, असं ती थट्टेने म्हणायची. पण तो पिवळा ठिपका लुकलुकला की तिला वाटायचं, एवढ्या मोठ्या रस्त्यावर, एवढ्या वाहनांत, आत्ता या क्षणी कुणीतरी फक्त आपली आठवण काढतंय. बाईला याहून काय हवं असतं? हवं असतं पुष्कळ, पण तिने मागितलं एवढंच.

नवऱ्याला ड्रायव्हर लोक मास्तर म्हणत, कारण कुणाला काही शिकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कुणाकडे चहाला गेला तरी कपबशीचा ट्रक आणि बिस्किटाची मोटारसायकल करून सुरू व्हायचा. भरलेला ट्रक ब्रेक दाबला म्हणून थांबत नाही, थांबतो म्हणतो आणि मग सवडीने थांबतो. त्याच्या नाकासमोर घुसून ब्रेक मारणाऱ्याला लांबून नमस्कार. ट्रक वळताना त्याच्या बगलेत शिरू नये, त्याला वळायला तुमच्या वाट्याचीही जागा लागते. डोळे मिटायला लागले की गाणी लावू नयेत, ट्रक बाजूला लावावा. आणि शेवटी त्याचा लाडका आरसा. बायको स्कूटरवरून शाळेचे गणवेश पोचवायला निघाली की तो जिन्यावरून ओरडायचा, “ट्रकवाल्याचं तोंड त्याच्या आरशात तुला दिसलं, तरच तू त्याला दिसतेस. नाहीतर दृष्टीआड सृष्टी.”

“तुमचं तोंड घरात दिसेना, आरशात कुठलं दिसायला?” ती खालून म्हणायची, आणि अख्खा जिना हसायचा.

त्या रस्त्यावर ट्रकवाल्यांची एक रीत होती. मागची गाडी पुढे जायला तडफडत असली आणि समोर मोकळं असलं, की ट्रकवाला मधल्या बाजूचा दिवा लावून तिला सांगायचा, जा पुढे. सगळे देत, सगळे मानत. मास्तर तेवढा देत नसे, आणि देणाऱ्यांशी धाब्यावर भांडत असे. “तोच दिवा वळायचा आणि तोच जा म्हणायचा. मागच्याला कळायचं कसं? आणि तो आपल्या भरवशावर डोळे मिटून येतो. त्याला जा म्हणणारा मी कोण?” बरोबर होतं त्याचं. बरोबर बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात त्याला अपघात झाला.

घरी आला तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, नदीच्या पुलापलीकडे एक मोटारसायकलवाला पुढे घुसला, समोरून बस आली, मागे फिरायला जागा नव्हती, तो ट्रकच्या अंगावर आपटला. जगला. पायाचं वाईट झालं.

“तुमची चूक होती का?” सासूबाईंनी विचारलं.

“रस्त्यावर मोठी गाडी माझी होती,” तो म्हणाला आणि दुसरी नाडी सोडायला लागला.

शेजारपाजाऱ्यांना मात्र काहीच विचारायची गरज पडली नाही. प्यायलेला असेल, झोपलेला असेल, घाईत असेल. ट्रक आणि मोटारसायकल म्हटलं की निकाल आधी लागतो आणि चौकशी मागाहून येते. समोरच्या घरातल्या काकू जिन्यात असं काहीतरी पुटपुटल्या, तेव्हा तिने त्यांचा शिवायला आलेला पडदा कात्रीसकट परत नेऊन दिला. कात्री मागायला मग पुन्हा जावं लागलं, ती गोष्ट वेगळी.

चौकशी चालू होती तोवर तो घरीच होता. इतके दिवस सलग घरी तो लग्नानंतर कधीच नव्हता. ती मनातून सुखावली आणि त्या सुखाची तिला लाजही वाटली. पण तो घरात असून नसल्यासारखा होता. चहाला कपबशी दिली तर नुसता चहा प्यायचा. बिस्किट बिस्किटच राहायचं.

मग चौकशी संपली, ट्रक दुरुस्त होऊन आला आणि तो पुन्हा निघाला. पहिल्याच संध्याकाळी ती जिन्याखालचं शिलाई मशीन लवकर बंद करून वर आली आणि गॅलरीत उभी राहिली. ट्रक आला. तोच निळा, मागे तीच ताडपत्री. टाक्यांमधून सरळ निघून गेला.

दिवा लागला नाही.

बल्ब गेला असेल, ती म्हणाली. पुढच्या खेपेला म्हणाली, विसरला असेल. त्याच्या पुढच्या खेपेला काही म्हणायला उरलं नव्हतं. तिने फोनवर विचारलं, “दिवा बिघडलाय का?”

“नाही.”

“मग?”

“असू दे आता.”

“असू दे म्हणजे काय हो?”

“म्हणजे असू दे,” तो म्हणाला, आणि पुढे चढ लागला म्हणून फोन ठेवला. त्या रस्त्यावर चढ नव्हता.

सासूबाईंनी विचारणं सोडून दिलं. त्या आपणच उठून भात टाकायला लागल्या, आणि त्यांचं हे न विचारणं तिला सगळ्यात जास्त लागलं. तिच्या मनात नाही नाही ते आलं. आपला कंटाळा आला असेल. शहाण्यासुरत्या बाईने असे पोरखेळ मागावेत याचं त्याला हसू येत असेल. बंदराच्या गावात दुसरी कुणी गॅलरी असेल. रोज ठरवायची, आज जायचं नाही, आणि संध्याकाळ झाली की पाय आपोआप मागच्या दाराकडे वळायचे. दिवे लावत सुटलेले बाकीचे ट्रक बघताना तिला त्या अनोळखी माणसांचा हेवा वाटायचा.

तिचं शिवणकाम जिन्याखालच्या खोलीत चालायचं. एका दुपारी तिथे एक माणूस कुबडीवर आला, हातात पँटींची पिशवी. इमारतींचे पाण्याचे पंप बसवणारा होता. आता गच्च्या चढवत नाहीत म्हणून दुकानातच बसून मोटारी उघडतो, म्हणाला. पायाला गुडघ्यापासून खाली लोखंडी पट्ट्या होत्या आणि त्यावरून पँट चढत नव्हती.

“बाजूची शिवण उसवून देते,” ती म्हणाली. “बटणं लावू की चेन?”

“चेन लावा. बटणांपर्यंत वाकवत नाही.”

तो स्टुलावर बसला. ती खाली बसून, ओठांत टाचण्या धरून माप घ्यायला लागली. कसं झालं, असं तिने आधीच विचारून ठेवलं होतं, सगळे विचारतात तसं.

“ट्रकच्या मागे होतो,” पंपवाला म्हणाला. “इथंच की, तुमच्या मागे. त्या गच्चीवर दोन टाक्या आहेत ना, त्यांचा पंप मीच बसवलाय. बरोबर तिथे आलो आणि ट्रकवाल्याने दिवा दिला. जा म्हणाला, गेलो. टाक्या मागे टाकल्या तोच समोर बस. आता चूक माझीच म्हणायची. मला पुढचं काही दिसत नव्हतं, दुसऱ्याच्या डोळ्यांनी निघालो होतो. पण दिवा दिला होता. त्यानेही कबूल केलं, दिला म्हणून. का दिला, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.”

तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तिला बोलता येईना. नसत्या तरी आलं नसतं.

“माणूस वाईट नव्हता हो,” पंपवाला पुढे म्हणाला. “पळून गेला नाही. अँब्युलन्स येईपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसला होता. आणि सारखं एकच चाललेलं, ‘तुमच्यासाठी नव्हता तो, तुमच्यासाठी नव्हता.’ मला वाटलं, धक्क्याने बरळतोय.”

तिने एकेक टाचणी ओठांतून काढली आणि उशीत खोचली. सगळ्या टाचण्या संपल्यावर म्हणाली, “माझ्यासाठी होता.”

“काय?”

“दिवा. माझे मिस्टर आहेत ते. मी वर गॅलरीत उभी असते. तेवढ्यासाठी द्यायचे.”

पंपवाल्याने कुबडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली आपटत नेत होतं.

“तुम्हाला दिसला होता का त्या दिवशी?” त्याने विचारलं.

“दिसला होता. दिसला तशी मी आत गेले. भात टाकायचा होता.”

“मग निदान एकाच्या तरी कामी आला,” तो म्हणाला, आणि पाय पुढे करून म्हणाला, “घ्या, माप राहिलंय.”

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने माप घेतलं. नंतर चेन लावताना शिवण तीनदा वाकडी गेली, तीनदा उसवली.

नवरा घरी आला तेव्हा तिने ताट वाढलं आणि समोर बसली. “पंपवाला येऊन गेला,” एवढंच म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला.

“तुम्ही पूल म्हणाला होतात.”

“हो.”

“पूल नव्हता.”

“नव्हता.” त्याने घास परत ताटात ठेवला. “सगळ्या रस्त्याला शिकवत हिंडलो की तो दिवा देऊ नका, मागच्याला भलतंच कळतं. आणि मी काय करत होतो? लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मला कधी वाटलंच नाही की तो दिवा मागच्यालाही दिसतो. मला वाटायचं, तो फक्त तुला दिसतो.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य ऐकून तिने जीव ओवाळून टाकला असता.

“मला सांगायचं होतंत,” ती म्हणाली. “मी इकडे काय काय मनात आणत बसले. बंदरावर कुणी ठेवलीय इथपर्यंत.”

“बंदरावर?” इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा हसला. “तिथे आंघोळीला पाणी मिळत नाही.” मग हसू गेलं. “सांगितलं असतं, तर पुन्हा गॅलरीत उभी राहिली असतीस का तू?”

तिने विचार केला. “नसते.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

तिने त्याच्या ताटात भात वाढला. तो ताटाकडे बघत म्हणाला, “टाक्या आल्या की मी आता मान वळवत नाही. नजर समोर आणि आरशात, दोन्ही हात चाकावर. पण तू उभी आहेस हे माहीत असतं. तेवढ्यावर बंदर येतं.”

“मी समजत होते, आता बघण्यात काही अर्थ नाही.”

“तू बघ,” तो म्हणाला. “दोघांतल्या एकाने बघितलं तरी चालतं. रस्त्यावर नसलेल्याने.”

पुढच्या खेपेला ती गॅलरीत गेली. ऊन उतरलं होतं, टाक्यांच्या सावल्या गच्चीभर पडल्या होत्या. निळा ट्रक आला, आपल्या पट्टीत, आपल्या चालीने. मागे एक लहान मोटार होती, थोडं अंतर राखून. ट्रकने तिला काही सांगितलं नाही, आणि मोटार आपली मागेच राहिली. खिडकीत त्याचा खांदा क्षणभर दिसला. मान समोर होती. तिचा हात उठला, तसाच वर राहिला, आणि ट्रक शेवाळलेल्या टाकीमागे गेला. तो दिवा तिला अजून हवा होता. कायमच हवा असणार होता.

ती आत आली. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. सुनेचं तोंड बघून असो की आणखी कशाने असो, कितीतरी महिन्यांनी त्यांनी विचारलं, “दिला का दिवा?”

“दिला,” ती म्हणाली, आणि भात टाकला.