सोजरबाईच्या उजव्या गालाची नस

मी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझी कोणी विचारपूस करत नाही. मित्रांनो, मी एक जुनी नस आहे. नांदेडशेजारच्या मुधोळकडल्या एका खेड्यातल्या सोजरबाईच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूची. पुस्तकात मला त्रिशाखी चेता म्हणतात. मेंदूच्या देठातून मी निघते, कानापुढे हाडाच्या आड जरा विसावते आणि तिथे मला तीन फांद्या फुटतात. वरची कपाळ आणि डोळा सांभाळते, मधली गाल आणि वरचे दात, खालची हनुवटी आणि खालचे दात. खालचीच्या अंगावर जबडा चालवायचे कामही आहे. हसू मात्र माझ्याकडे नाही, ते दुसऱ्या नसेकडे. माझे मुख्य काम निरोप पोचवण्याचे.

ते मी इमानाने केले. ज्वारी काढताना सोजरबाईच्या डोळ्यात कुसळ शिरले, तेव्हा पापणी मिटली ती माझ्या निरोपामुळे. लोक म्हणाले, डोळा नशिबाने वाचला. मी काय बोलणार?

मग भाषावार राज्ये होताना आपला तालुका कोणत्या राज्यात जाणार, याची चर्चा पारावर रंगू लागली, आणि त्याच सुमारास माझे बिनसले. मुळाशी एक रक्तवाहिनी मला टेकून धडधडू लागली. माझ्यावरचे आवरण झिजले. सीमा ठरायची दिल्लीत आणि घोर लागायचा इथे, तसेच माझे झाले. दुखणे मुळाशी, कळ मात्र दाढेत. वारा लागला, भाकरीचा घास चावला, नुसता एक शब्द बोलला, तरी मी खोटाच निरोप धाडायची आणि सोजरबाई गाल धरून खाली बसायची. मलाच माझी भीती वाटू लागली.

बोलले की कळ येते, म्हणून ती गप्प राहू लागली. तिच्या वतीने तिचा नवरा डोमाजी बोलू लागला. बाईमाणसाचे दुखणे घरधन्याने सांगायचे, अशी तिकडची रीत. माणूस जिवाला जीव देणारा, पण सगळ्यांना ठासून सांगायचा की दाढ किडली आहे. बाजारातल्या दात काढणाऱ्याने तिच्या दोन धडधाकट दाढा उपटल्या. कळ जागच्या जागी राहिली.

तेव्हा डोमाजीने रानातून बिब्बे आणले. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला की तेल सुटते आणि ते कातडीला लागले की फोड उठतो; त्या फोडावाटे कळ निघून जाते, अशी समजूत. त्याला ते सोजरबाईच्या कानशिलावर, डोळ्याच्या अगदी कडेला लावायचे होते. एक थेंब ओघळला तर डोळा जाणार होता. ज्या डोळ्यासाठी मी जन्मभर जागले, तो असा जावा?

दिवा लागला होता. तेवढ्यात देवीची लस टोचायला सरकारी दवाखान्याचे डॉक्टर अमृतराव दारात आले. त्यांची बदली नांदेडकडे झाली होती, ही त्यांची शेवटची फेरी. बिब्बा पाहून त्यांनी विचारले, हे काय चालले आहे?

"दाढ दुखून राह्यली तिची, डाक्टरसाब," डोमाजी म्हणाला.

"डोमाजी, तुम्ही जरा थांबा. बाई, तुम्ही सांगा."

डोमाजी पुन्हा तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी हात वर केला. सोजरबाईने डॉक्टरांकडे पाहिले, मग बिब्ब्याकडे. बोलली तर कळ येणार हे तिला ठाऊक होते, मलाही. तरी ती बोलली.

"दाढ नाई. वारा लागला का गालात ईज पडते. मंग काईच नाई."

कळ आली. सोजरबाई भिंतीला टेकली, पण बोलणे तिने पुरे केले होते.

डॉक्टर म्हणाले, हे दाताचे नाही, नसेचे दुखणे आहे. त्यांनी मिरगीवर देतात त्या गोळ्या दिल्या, आणि बिब्बा स्वतः उचलून उकिरड्यावर टाकला. डोमाजीने रिकामी सुई ठेवून दिली आणि दिवा मालवला. गोळ्यांनी मी हळूहळू शांत झाले. गेलेल्या दाढा काही परत आल्या नाहीत.

मित्रांनो, आजही थंड वारा सुटला की मला धास्ती वाटते. तुमच्या घरात कोणी गाल धरून बसले, तर माझ्याकडून एवढे ऐका, औषध शोधण्याआधी त्यालाच विचारा आणि त्याचे पुरते ऐका. आमच्या घरी आता कोणी सोजरबाईच्या दुखण्याची चौकशी केली की डोमाजी चिलीम खाली ठेवतो.

"तिलेच इचारा," तो म्हणतो, आणि तिचे बोलणे संपेपर्यंत गप्प बसतो.