जांभळ्या टोपणाची नळी

मी जांभळ्या टोपणाची नळी बोलतेय. बोटाएवढी लांब, आत रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा पातळ थर. माझ्यासारख्या शंभर जणी एका खोक्यात दाटीवाटीनं बसून बेलापूरच्या एका संशोधन केंद्रात आलो. माझ्या वाट्याला जमुनाबाई आल्या.

जमुनाबाई घणसोली गावातल्या. चाळीस वर्षं मासळी विकली. मग उजवा हात थरथरू लागला, कोयता हातात ठरेना. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, पार्किन्सन्स. या आजाराची खूण रक्तात सापडते का, ते केंद्रात शोधत होते. त्यांना औषध सुरू होण्याआधीचं रक्त हवं होतं. डॉक्टरांना विचारून जमुनाबाईंनी पहिली गोळी आठवडाभर लांबवली.

“आई, कशाला हाल करून घेता?” त्यांची सून रुतिका खुर्चीशेजारी उभी राहून म्हणाली.

“माज्या बापाचा हात पन असाच हलायचा गो. उद्या माज्या पोरांना झाला तर? त्यांना तरी आदी कलला पायजे.”

रक्त घेणारी गीतांजली मायाळू होती. पण हात थांबत नव्हता, शीर दोनदा निसटली. जमुनाबाईंनी हात मागे घेतला नाही. तिसऱ्यांदा गीतांजलीनं अगदी बारीक सुई लावली आणि सिरिंजनं जोर करून रक्त ओढलं. मग तीच सुई माझ्या टोपणातून खुपसून दट्ट्या दाबला. रक्त माझ्या भिंतींवर आदळलं. आम्हाला नंतर हळूच उलटंसुलटं करायचं असतं; तिनं खळाखळा हलवलं. बाहेर सात माणसं खोळंबली होती.

माझ्या पोटात तांबड्या पेशी फुटत होत्या. आजाराची खूण म्हणून जे प्रथिन मोजायचं, ते याच पेशींत ठासून भरलेलं असतं. पेशी फुटल्या की ते बाहेर येतं आणि आकडा उगाच फुगतो. मला हे कळत होतं. सांगणार कशी?

केंद्राच्या दारातच जमुनाबाईंनी पहिली गोळी घेतली. आता घ्यायला हरकत नव्हती ना!

तासाभरात केंद्रातल्याच प्रयोगशाळेत मला यंत्रात गरगर फिरवलं. पेशी तळाला बसल्या. वरचं पाणी पिवळसर दिसायला हवं होतं, ते गुलाबी दिसलं. संघप्रियानं मला उजेडात धरलं. तिथं नमुने तपासायचं काम तिचंच.

“चालव ना, आकडा तर येईल,” शेजारी काम करणारा स्वानंद म्हणाला.

“येईल रे. पण तो फुटलेल्या पेशींचा असेल, आजाराचा नाही.” तिनं रुतिकाला फोन लावून स्पीकरवर टाकला. “रुतिकाताई, मावशींचं रक्त परत घ्यावं लागेल. गोळी दिली नाही ना अजून?”

“तिथंच दिली हो. तुम्हीच म्हणालात, रक्त दिल्यावर घ्या.”

औषधाआधीचं रक्त आता परत मिळणार नव्हतं. पलीकडून जमुनाबाईंचा आवाज आला, “कोनाचा फोन? माजा रगत चांगला निंगला ना?”

रुतिका म्हणाली, “हो आई. चांगलं निघालं.”

संघप्रियानं वहीत ‘नमुना बाद’ लिहिलं आणि मला कचऱ्याच्या पिशवीत ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. पिशवीची गाठ अजून मारायची आहे. थोड्या वेळानं गाडी येईल. तेवढ्यात गीतांजलीला कुणीतरी इथं बोलवा हो. तिच्यावर ओरडू नका. मला नुसतं तिच्या हातात द्या आणि उजेडात धरायला सांगा. बाहेर रक्त द्यायला अजून माणसं बसली आहेत.